परसातला तलाव आणि आकाशातला बंब

*थोडे कढत, की पुष्कळ कोमट? उन्हाने पोहण्याचा तलाव तापविण्याचे सारे शास्त्र या एका प्रश्नात सामावलेले आहे!*

सूर्यनारायणाला आपण पहाटे अर्घ्य देतो, रथसप्तमीला त्याच्यासाठी दूध उतू घालतो आणि प्रकृतीला झेपतील तेवढे नमस्कारही घालतो. घरकामाला मात्र आपण त्याला फारसे जुंपत नाही. पापड-कुरडया वाळवून द्याव्यात, लोणच्याच्या बरण्यांना ऊन दाखवावे आणि गाद्यांची ओल घालवावी, एवढीच त्याची चाकरी. अपवाद फक्त अंगणातल्या घंगाळाचा. सकाळी पाणी भरून ते उन्हात ठेवायचे आणि दुपारी त्या उन्हाच्या पाण्याने लहान मुलांना न्हाऊ घालायचे, ही रीत आपल्याकडे जुनी. त्या पाण्याला चटका नसतो, पण बाळाच्या अंगाला मानवेल इतकी ऊब त्यात नक्की असते. लाकूड नाही, कोळसा नाही, फुंकणी नाही की धूर नाही.

वाचकहो, आता असे समजा की त्या घंगाळात पंचाहत्तर हजार लिटर पाणी मावते आणि ते एका सुखवस्तू घराच्या परसात जमिनीत पुरलेले आहे. बाळाच्या जागी सारे घरच त्यात डुंबणार आहे. तेवढे पाणी सूर्य कोमट करून देईल काय? देतो! कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा आणि ऑस्ट्रेलियात असंख्य घरी तो हे काम वर्षानुवर्षे करीत आला आहे. कसे करतो, ते पाहण्यासारखे आहे; कारण मोठमोठ्या यंत्रांना जे परवडत नाही, ते येथे साध्या काळ्या प्लास्टिकने साधले आहे.

ऊन आहे, पण पाणी गार

कॅलिफोर्नियातल्या उपनगरांची रचना ठरलेली असते. पुढे हिरवळीचा तुकडा, मध्ये बैठे किंवा एकमजली घर आणि मागे लाकडी कुंपणाने बंद केलेले परसू. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला आणि १९५० नंतरच्या काळात या परसांत पोहण्याचे तलाव भराभर झाले. आज सान होझे, फ्रीमाँट, सनीव्हेल या भागांत आपली मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. लेकाकडे किंवा लेकीकडे चार महिने राहून आलेल्या आजोबांना विचारा. शेजारच्या छपरावर पसरलेल्या काळ्या चटया त्यांनी हमखास पाहिलेल्या असतात आणि 'ही वीज करायची यंत्रे' असा समजही करून घेतलेला असतो. पण वीज करणारी पॅनेले काचेची असतात, उन्हात चकाकतात. या चटया चकाकत नाहीत. बारीक नळ्या एकीला एक चिकटवून ठेवाव्यात तशा त्या दिसतात. त्या नळ्यांतून परसातल्या तलावाचे पाणी फिरत असते.

याची गरज का पडावी? कॅलिफोर्नियात ऊन काय कमी आहे? ऊन भरपूर आहे, पण एप्रिलमधले ऊन पाहून पाण्यात पाय घातला की हुडहुडी भरते. अंगाला सुखकर पाणी म्हणजे साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअसचे. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांना त्याहून थोडे अधिक ऊनच आवडते. तिथल्या रात्री गार असतात, म्हणून नुसत्या उन्हावर सोपविलेला तलाव ऐन उन्हाळ्याचे मोजके महिने सोडले तर त्या अंशाला पोहोचतच नाही. हजारो डॉलर खर्चून खणलेला तलाव वर्षातले बरेच महिने नुसता बघायचा, आणि बघता बघता त्याच्या फिल्टरचा व औषधांचा खर्च मात्र भरायचा, ही त्या घरधन्याची अडचण.

एका अंशाची किंमत

मग तापवा की गॅसवर! पुष्कळ लोक तापवतातही. पण त्याचा हिशेब एकदा मांडून बघा.

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव घेऊ. त्यात ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी मावते. ते फक्त एक अंशाने तापवायला ७५,००० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत बोलायचे तर ८७ युनिट. आपल्या स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा गॅसचा सिलिंडर घ्या. त्यातला सगळा गॅस चांगल्या बंबात जाळला, तर पाण्यापर्यंत साधारण १४५ युनिट पोहोचतील. म्हणजे आपल्या घरात महिना-दीड महिना पुरणारा सिलिंडर या तलावाला जेमतेम पावणेदोन अंश वर चढवतो! वीस अंशांचे पाणी सत्तावीस अंशांवर न्यायला चार सिलिंडरांहून अधिक गॅस हवा, आणि रात्री गारवा पडला की त्यातली उष्णता निघून जाणार ती वेगळीच. तिकडे गॅस नळाने येतो, सिलिंडरात नाही. पण नळाने आला म्हणून त्याचे बिल थोडेच चुकते?

पैशाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी या तापविण्यात एक विसंगती आहे. गॅसची ज्योत असते दीड-दोन हजार अंशांच्या घरातली. त्या ज्योतीने पोलाद तापावे, काच वितळावी. तिच्याकडून आपण काम करून घेतो ते वीस अंशांचे पाणी सत्तावीस अंशांवर नेण्याचे. चिलट मारायला तोफ डागावी, त्यातला हा प्रकार. शिवाय जळलेल्या गॅसचा धूर हवेत जातो आणि साऱ्या पृथ्वीचा ताप थोडा वाढवतो, तो वेगळा.

तलावाला प्रखर उष्णता नको, मवाळ उष्णता हवी. पण ती पुष्कळ हवी. अशी मवाळ आणि पुष्कळ उष्णता फुकट वाटणारा एकच दाता आहे, आणि तो रोज सकाळी दारात येतो.

तलाव म्हणजे मोठा माठ

परंतु छपरावर चटया पसरण्यापूर्वी जाणता कारागीर आधी एक वेगळाच प्रश्न विचारतो. तलावात येणारी उष्णता जाते कुठे?

स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जागेवर सूर्य सुमारे सहा युनिट ऊर्जा ओततो. आपल्या तलावाचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर आहे, आणि त्यावर पडलेल्या उन्हापैकी ७५ ते ८५ टक्के पाणी पिऊन टाकते. म्हणजे छपरावर काहीही नसताना या तलावाला दिवसाकाठी २४० युनिट मिळतात. हिशेबाने पाणी रोज पावणेतीन अंशांनी चढले पाहिजे! आठवड्याभरात त्यात उकाडा व्हायला हवा. तो होत नाही. का होत नाही, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात आहे.

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पोहण्याचा तलाव म्हणजे पन्नास चौरस मीटरचा उघडा माठच! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५८० किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते, आणि ती पाणी स्वतःच्या अंगातूनच देते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी तलावाची पातळी पाच मिलिमीटरनी उतरली, तर डोळ्यांना ते कळतही नाही. पण ते पाणी होते अडीचशे लिटर आणि त्याबरोबर उष्णता जाते १७० युनिट. म्हणजे गॅसचा भरला सिलिंडर तलावाच्या काठावर ठेवून रोज हवेत सोडून द्यावा, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने उघड्या तलावाच्या नुकसानीची वाटणी करून ठेवली आहे. साधारण ७० टक्के उष्णता बाष्पीभवनाने जाते, २० टक्क्यांच्या आसपास रात्रीच्या आकाशाकडे उत्सर्जित होते आणि उरलेली जमिनीत वगैरे मुरते. वर मांडलेल्या हिशेबाला हे प्रमाण लावून पाहा. वाफेची १७० युनिट धरली, तर एकूण नुकसान २४० च्या घरात जाते. सूर्याने दिलेले सारे तलावाने दिवस-रात्रीत उधळून टाकले! तलाव एका ठरावीक अंशावर अडून का बसतो, ते आता कळले. त्याची मिळकत भक्कम आहे, पण हात सढळ आहे.

म्हणून पहिला उपाय मिळकत वाढविण्याचा नाही, पांघरुणाचा आहे. हवेचे बुडबुडे असलेल्या जाड प्लास्टिकचा एक तरंगता पडदा मिळतो. नाजूक माल गुंडाळून येतो त्या फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचा हा मजबूत भाऊ. तो पाण्यावर पसरला की वाफेची वाटच बंद होते. तापविण्याच्या खर्चात अशा आच्छादनाने ५० ते ७० टक्के बचत होते, असे तेच ऊर्जा खाते सांगते. पडदा पारदर्शक असेल तर तो दिवसाही ठेवता येतो. मग येणाऱ्या उन्हातले ५ ते १५ टक्केच बुडते. अपारदर्शक असेल तर मात्र २० ते ४० टक्के बुडते, तेव्हा तो रात्रीपुरताच बरा. कॅलिफोर्निया राज्याने तर गॅसवर किंवा हीट पंपावर तापविलेल्या उघड्या तलावाला आच्छादन असलेच पाहिजे, असा नियमच केला आहे.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. हा तरंगता पडदा म्हणजे जमीन नव्हे! मूल त्यावर गेले तर ते पडद्यासकट खाली जाते आणि पडदा वरून मिटतो. बाहेरून कोणाला पत्ताही लागत नाही. तेव्हा पोहताना तो अर्धवट गुंडाळून ठेवायचा नाही, पुरता काढायचा. आणि तलावाभोवती कुंपण व त्याला आपोआप बंद होणारे दार हे पडद्याच्याही आधी हवे.

काच नसलेला सोलर

पांघरूण झाले, आता मिळकत वाढवायची. पुण्याच्या गच्च्यांवर जे सोलर बंब बसलेले आहेत, त्यांत काळा पत्रा व तांब्याच्या नळ्या असतात, वर काच असते आणि खाली उष्णतारोधक थर असतो. नव्या प्रकारांत तर निर्वात काचनळ्या असतात. अंघोळीचे पाणी साठ अंशांचे हवे, हवा मात्र वीस-पंचवीस अंशांची. पाणी हवेपेक्षा इतके गरम झाले की त्यातली उष्णता चारी बाजूंनी पळू पाहते, म्हणून तिला काचेत कोंडावे लागते.

तलावाला हवे आहे सत्तावीस अंशांचे पाणी, आणि ऊन पडले की हवाही असते त्याच सुमाराची. पाणी व हवा एकाच पातळीवर असली, तर उष्णता पळेल कुठे आणि कशाला? कोंडायलाच नको! उलट काच घातली तर तीच येणाऱ्या उन्हाचा साधारण दहावा हिस्सा परतवून लावील. म्हणून तलावाच्या चटईला काच नाही, पेटी नाही, तांबे नाही. काजळी मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक नळ्या आणि दोन टोकांना दोन जाड नळ, संपले यंत्र! काजळीमुळे ऊन शोषले जाते आणि प्लास्टिक उन्हाने लवकर ठिसूळही होत नाही. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असते. पाण्यातली आम्लता बिघडली की तांबे झिजते, प्लास्टिकला त्याची फिकीर नाही. कमी किमतीची वस्तू अधिक किमतीच्या वस्तूपेक्षा कामालाही सरस ठरावी, असे शास्त्रात फार वेळा घडत नाही. येथे ते घडले आहे.

बाकीची मांडणीही सोपी आहे. पाणी गाळण्यासाठी तलावाला पंप व फिल्टर असतोच. फिल्टरमधून निघालेल्या पाण्याच्या वाटेवर तीन तोंडांचा एक व्हॉल्व बसवतात. एक उष्णतामापक छपरावर, दुसरा तलावाच्या नळात. छपरावर उष्णता अधिक आहे असे दिसले की व्हॉल्व फिरतो आणि पाणी वर जाते, चटईतून फिरून तलावात उतरते. ढग आला, संध्याकाळ झाली किंवा तलाव हव्या त्या अंशाला पोहोचला की व्हॉल्व पुन्हा मूळ जागी येतो. पंप थांबला की वरचे पाणी उताराने खाली येऊन चटई रिकामी होते. म्हणून कडाक्याच्या थंडीत आत बर्फ होऊन नळ्या फुटायची भीती कमी.

'अहो, पाणी तर गारच येते!'

अशी यंत्रणा बसवून कारागीर घरी गेला की दुसऱ्या दिवशी घरधनी फिर्याद घेऊन हजर होतो, हे या धंद्यात नेहमीचेच. छपरावरून परत येणाऱ्या पाण्याखाली त्याने हात धरलेला असतो, आणि ते त्याला तलावाइतकेच गार लागलेले असते. 'यंत्र चालत नाही!' असा त्याचा निष्कर्ष.

यंत्र अगदी बरोबर चालत असते. ताशी दहा हजार लिटर पाणी वर जाऊन अवघ्या दोन अंशांनी तापून आले, तर तासाला २३ युनिट उष्णता तलावात पडली. दोन अंशांचा फरक हाताला कळत नाही. आता त्याने व्हॉल्व आवळून पाणी हळू सोडले, समजा ताशी पाचशे लिटर, तर ते वीस अंशांनी तापून येईल आणि हाताला चांगला चटका देईल. घरधनी खूष! पण तलावात पडली किती? बारा युनिटसुद्धा नाहीत. बाकीची अर्धी गेली तापलेल्या चटईवरून वाऱ्यावर. या खेळात चटई हाताला गार लागली तर ती काम करते आहे आणि तापून निघाली तर वाया घालवते आहे, असे उलटे गणित आहे.

हौशी लोकांची काळ्या नळीची युक्तीही येथेच फसते. शंभर फुटी काळी रबरी नळी छपरावर वेटोळे करून ठेवली, की तिच्यातून निघणारे पहिले बादलीभर पाणी चहाला चालेल इतके कढत निघते. माणसाला वाटते, आपण सूर्य जिंकला. पण दोन सेंटीमीटर जाडीच्या त्या नळीची उन्हापुढची जागा होते ०.६ चौरस मीटर. दिवसाकाठी तिला मिळतात दोन-सव्वादोन युनिट. त्या हिशेबाने तलाव एक अंशाने चढायला चाळीस दिवस लागतील, आणि तेही तलावाने मधल्या काळात काहीच गमावले नाही तर! पाणी किती कढत आहे ही एक गोष्ट आणि त्यात किती उष्णता आहे ही दुसरी. चमचाभर उकळते पाणी आणि घंगाळभर कोमट पाणी यांत उष्णता अधिक घंगाळात असते. तलावाचा संसार घंगाळावर चालतो, चमच्यावर नाही.

म्हणून चटई लहान असून भागत नाही. तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाएवढी ती लागते. उत्तर कॅलिफोर्नियात सहा-आठ महिने पोहणाऱ्यांना ६० ते ७० टक्के पुरते. फ्लॉरिडात बारमाही पोहायचे तर १०० टक्के धरतात. आपल्या तलावाला ७० टक्के म्हणजे ३५ चौरस मीटर घेतले आणि त्यावरच्या उन्हातले साठ टक्के जरी पाण्यात उतरले, तरी दिवसाला सव्वाशे युनिट, म्हणजे जवळजवळ दीड अंश. गॅसच्या सिलिंडराशी ताडून पाहा. रोजचा एक सिलिंडर सूर्य छपरावर आणून देतो म्हणा ना! चटईचे तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेला हवे, ऑस्ट्रेलियात उत्तरेला. थोडे इकडे-तिकडे असले तरी चालते. मात्र पाण्याने भरलेल्या चटईचे वजन छपराला पेलेल ना आणि वादळवाऱ्यात ती उडणार नाही ना, हे आधी पाहावे लागते.

या चटईचा एक उलटा उपयोगही आहे. फिनिक्ससारख्या वाळवंटी शहरात ऐन उन्हाळ्यात तलावाचे पाणी इतके तापते की त्यात उतरून गारवाच मिळत नाही. अशा वेळी तेच पाणी रात्री चटईतून फिरवतात. दिवसा सूर्याकडून उष्णता घेणारी चटई रात्री आकाशाला ती परत करते आणि सकाळी तलाव थोडा निवलेला असतो. एकाच पंपावर बंब आणि माठ, दोन्ही!

अडीचशे वर्षांचा खटाटोप

ही कल्पना काही एका रात्रीत सुचलेली नाही. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या ओरास द सोस्यूर या शास्त्रज्ञाने काचेची झाकणे असलेली पेटी उन्हात ठेवून आत पाणी उकळण्याहूनही अधिक उष्णता मिळते, हे दाखविले. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केंप याने 'क्लायमॅक्स' नावाच्या सौरबंबाचे पेटंट घेतले, आणि तो विकला गेला तो पुष्कळसा कॅलिफोर्नियात. १९०९ मध्ये विल्यम बेली याने ऊन घेणारा भाग व पाणी साठविणारी टाकी वेगळी केली, टाकीला उष्णतारोधक वेष्टण घातले आणि नाव ठेवले 'डे अँड नाइट', म्हणजे रात्रीही गरम पाणी. पुढे १९२० नंतरच्या काळात लॉस एंजेलिसच्या परिसरात स्वस्त नैसर्गिक वायू मुबलक मिळू लागला आणि कॅलिफोर्नियातला हा धंदा बसला. फ्लॉरिडात तो काही काळ तेजीत होता. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई आली आणि मग विजेने त्याची जागा घेतली. इंधन स्वस्त झाले की सूर्य अडगळीत आणि महाग झाले की पुन्हा माळ्यावरून खाली, असा हा सारा इतिहास आहे.

परसातल्या तलावाने मात्र या फेऱ्यातून वाट काढली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमन फोर्ड याने फॅफ्को ही कंपनी काढली आणि प्लास्टिकच्या स्वस्त पॅनेलांनी तलाव तापवायला सुरुवात केली. चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांनी तेल रोखले. इंधनाचे भाव भडकले आणि काळ्या चटईचे दिवस आले. १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापविणारी सौरयंत्रे बसविली; १९८६ मध्ये, रेगन यांच्या कारकिर्दीत, ती उतरविली गेली. पुढे २००२ मध्ये त्याच आवारात पुन्हा सौरयंत्रे आली. त्यांतल्या एकाकडे तलावाचे व स्पाचे पाणी तापविण्याचे काम होते, आणि तेव्हा अध्यक्ष होते टेक्ससच्या तेलधंद्यातून आलेले धाकटे बुश!

प्रतिस्पर्धी

आजच्या काळात चटईला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. तो म्हणजे हीट पंप. घरातले शीतकपाट जसे आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकते, तसा हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो. विजेचे एक युनिट खर्चून तो उष्णतेची तीन ते सात युनिट देतो. ती वीज जर छपरावरच्या सौर पॅनेलातून आली, तर हाही सूर्यच. पॅनेल उन्हातला पाचवा हिस्सा विजेत आणते आणि पंप त्याची पाचपट उष्णता करतो, म्हणजे हिशेब जवळजवळ बरोबरीचा. शिवाय पोहण्याचे दिवस संपले की ती वीज घरातल्या दिव्या-पंख्यांना कामी येते. चटईला दुसरे काम नाही.

मग चटईच्या बाजूने काय? तिच्यात हलणारा भाग जवळजवळ नाही, वायू भरावा लागत नाही, बिघडण्यासारखे थोडे. चांगली बसविलेली चटई दहा-पंधरा वर्षे सहज टिकते, आणि बसविण्याचा खर्च इंधनाच्या भावाप्रमाणे एक ते सात वर्षांत वसूल होतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. ज्याला मोठे छप्पर आहे आणि उन्हाच्या महिन्यांतच पोहायचे आहे, त्याने चटई घ्यावी. ज्याच्या छपरावर झाडांची सावली आहे किंवा ढगाळ दिवसातही ठरावीक अंशाचे पाणी हवे आहे, त्याला पंप बरा.

आपल्याकडे

आपल्या महाराष्ट्रात परसात तलाव असणारी घरे थोडी. पण लोणावळा-अलिबागकडचे बंगले, पुण्या-नाशिकच्या मोठ्या सोसायट्या, क्लब, शाळा येथे आता तलाव दिसू लागले आहेत. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि पहाटे पोहणाऱ्यांची रांग विरळ होते. सांध्यांच्या दुखण्यावर पाण्यातला व्यायाम सांगितलेली वयस्कर मंडळी आणि नुकती पोहायला शिकणारी मुले ही पहिली गळतात. म्हणजे ज्यांना तलावाचा उपयोग अधिक, त्यांनाच तो बंद. निसर्गाची कृपा अशी की आपल्याला पाणी तापवून हवे असते त्याच महिन्यांत आकाश निरभ्र असते. पावसाळ्यात सूर्य दडी मारतो. हिवाळ्यात तो रोज हजर असतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे अधिक महत्त्वाची आहे. उघड्या तलावातून अडीचशे लिटर पाणी रोज उडत असेल, तर महिन्याला ते साडेसात हजार लिटर झाले. ज्या प्रांतात मार्च उजाडला की गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी वाफ होऊन जाऊ देणे शोभत नाही. पडदा उष्णता वाचवतो तसा पाणीही वाचवतो. कॅलिफोर्नियालाही अवर्षणाचे चटके बसतातच. तेथेही पडद्याचा हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा मानतात.

तेव्हा कोणी आपल्या सोसायटीच्या सभेत 'तलाव तापवायला काय बसवावे?' असा विषय काढला, तर क्रम असा सांगावा. पहिल्यांदा पडदा. मग वाऱ्याला अडसर, म्हणजे भिंत किंवा दाट झुडपांचे कुंपण; कारण वारा वाफेचा सोबती आहे. तलावावर सावली टाकणाऱ्या फांद्यांची छाटणी. त्यानंतर गच्चीवरच्या काळ्या चटया. आणि एवढे करूनही काही अंश कमी पडत असतील, तरच हीट पंप किंवा गॅस. तापविण्याची मर्यादाही ठरवून ठेवावी. पाणी फार ऊन झाले की शेवाळ माजते आणि क्लोरीन अधिक लागते.

यातले पहिले काम उद्याच करता येण्यासारखे आहे. त्याला ना कंत्राटदार लागतो, ना विजेची जोडणी. संध्याकाळी शेवटचा पोहणारा बाहेर आला, की दोघांनी दोन टोके धरून पडदा पाण्यावर पसरायचा. दिवसभर सूर्याने जे दिले, ते सकाळपर्यंत तलावातच राहील.